बावन्न पायऱ्यांची जोडणी

प्रगतीच्या वाटेत माणूस आडवा येतो, म्हणून त्याला आधी बाजूला करावं लागतं. या उदात्त विचाराने वसाहतीच्या पाणी समितीने पंप मोबाईलवरून चालवायचं ठरवलं आणि तळघरातल्या पंपवाल्या काकांना महिनाभराची नोटीस दिली. निवृत्तीला दीड वर्ष बाकी.

काम चोख झालं. एका कंपनीने पंपाला डबी बसवली. तिच्यातला प्रोग्राम पंप चालू-बंद करी. दुसरीने वेबपान केलं. त्यावर निळं बटण. बटण दाबल्याचा निरोप डबीपर्यंत पोचवायचा कुणी, हे मात्र प्रत्येक कंपनीला दुसरीचं काम वाटलं. (करारात त्या जागी एक बाण काढला होता. बाण फार सुबक होता.)

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सचिव तळघरात उतरले.

"काका, आठवडाभर सांभाळून घ्या. वर पडद्यावर बटण पेटलं की खाली येऊन डबीचा खटका दाबायचा, एवढंच."

"आणि नोटीस?"

"राहू दे तूर्तास."

काकांचा जीव भांड्यात पडला. तळघरात नेट येत नसल्याने त्यांची खुर्ची वरच्या कचेरीत गेली. मध्ये बावन्न पायऱ्या. त्या आठवड्याला आता चौदा महिने झाले.

जोडणी उत्तम चालते. प्रतिसादाला सरासरी चार मिनिटं लागतात. डावा गुडघा धरला तर सात. वेग वाढावा म्हणून समितीने काकांना रबरी तळाचे बूट घेऊन दिले (अहवालात 'यंत्रणेचं अद्ययावतीकरण'). प्रकल्पाला 'मानवविरहित पाणीपुरवठा' या गटात ढालही मिळाली. ती टांगायला खिळा काकांनीच ठोकला.

परवा सकाळी तुम्ही डोक्याला साबण लावून बटण दाबलंत. पडद्यावर चकती नुसती फिरत राहिली, म्हणून पुन्हा दाबलंत. एकूण नऊ वेळा. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. काका नऊ वेळा उतरले, नऊ वेळा चढले, एकही हुकूम चुकवला नाही. मग तुम्ही पाचपैकी एक तारा दिलात आणि खाली लिहिलंत, 'मधला भाग फार हळू आहे.'

समितीने तक्रारीची तातडीने दखल घेतली. मधला भाग काढून टाकायचं ठरलं. निवृत्तीला तीन महिने उरले होते. नोटीस जुनीच वापरली, तारीख तेवढी बदलली.

अभिप्रायाबद्दल आभाराचा निरोप तुम्हाला मिळाला असेलच. तो पाठवायचं कामही काकांकडेच आहे.