कापडी मनोरा आणि मध्यान्हीची सावली

श्रीनदीमाता साक्ष. दुंदुभी नाम संवत्सर, वैशाख शुद्ध दशमी, मध्यान्हसमय. राजनगराच्या नदीकाठी, जुन्या घाटावर, कापडाचा मनोरा उभा राहिला. आत बांबूंचा सांगाडा, बाहेर पांढरे कापड, आणि उंची देवळाच्या शिखराच्या पाचपट.

त्या राज्याची रीत ऐसी होती की, नदीकाठी कोणी उंच इमारत बांधू म्हणेल त्याने आधी तितक्याच उंचीचा कापडी नमुना उभा करावा, आणि मध्यान्ही त्याची सावली ज्याच्या दारात पडेल त्यासच हरकत बोलावयाचा हक्क. एका चुलीमागे एकानेच बोलावे, तेही घरच्या कर्त्याने. एक जरी हरकत उरली तरी पाया खणू नये. सावली दारातून सरेपर्यंत जो बोलला नाही त्याची संमती धरावी. आणि निवाडा होईतो कापड उतरवू नये. या घाटावर दुकानांचा काचेचा मनोरा बांधावा ही मसलत सरकारचे स्थपती अंतोजी रंगारी यांची. अंतोजी घाटामागच्या रंगारगल्लीत जन्मले, बुद्धीच्या बळे दरबारी चढले, वाड्याच्या मुदपाकखान्यात जेवू लागले, आणि वेगळी चूल त्यांनी कधी मांडली नाही. वैशाख त्यांनीच नेमला, कारण वैशाखात सूर्य माथ्यावर येतो आणि सावली मनोऱ्याच्या पायाशीच लोळते. तशी ती लोळली. एकाही दारात पडली नाही, आणि एकासही हक्क पोहोचला नाही.

त्याच दिवशी हुकूम होता तर ही हकीकत लिहिण्याचे कारण पडतेना. परंतु दिवाण हैबतराव यांची मर्जी ऐसी की, एवढे मोठे काम दसऱ्याच्या दरबारी वाजतगाजत मंजूर व्हावे, परमुलखीचे वकील बोलवावे, त्यांस मनोरा दाखवावा. अंतोजींनी एकवार विनविले की शुभस्य शीघ्रम्, तर दिवाण हसून बोलिले की सावली नाही तेथे भय कसले. मग पावसाळा लागला आणि त्यात बांधकामाचा निवाडा होत नाही म्हणून सर्व स्वस्थ राहिले. आणि सूर्य मात्र दक्षिणेस चालला.

दसऱ्यास दरबार भरला तो सावली घाट ओलांडून रंगारगल्लीच्या पहिल्या ओट्यांवर चढलेली. मग वाद माजला. दिवाणांचा पक्ष म्हणे की बंदर गाळाने बुजत चालले, तरणी माणसे परमुलखी चाकरीस जातात, घाटाच्या पायऱ्या चाटून कोणाचे पोट भरत नाही. दुसरा पक्ष जुन्या घराण्यांच्या मानकऱ्यांचा. ते म्हणत की नावेतून येणाऱ्यास आधी शिखर दिसावे ही या नगराची ओळख, ती काचेआड गेली तर नगर कोणते आणि बाजार कोणता. दोन्ही बोलण्यांत तथ्य होते. परंतु मानकऱ्यांची घरे वरल्या अंगास बागांत, तेथे सावली पोहोचेना, म्हणून ते पालख्यांतून उतरून रंगाऱ्यांच्या ओट्यांवर सावलीत येऊन बसू लागले. तेव्हा अंतोजींची थोरली बहीण राहीअक्का, जी बापामागे रंगाच्या कढया सांभाळून होती, ती त्यांस म्हणाली, "सरकार, डोईवर सावली घेऊन भागत नाही. इथं चूल मांडा, धूर खा, मग बोला." मानकरी उठून गेले.

मग दिवाणांनी दारोदार फिरून जबानी घेतली. कोणास मनोऱ्यात दुकान कबूल केले, कोणाच्या लेकास चाकरी, आणि सावली जसजशी आत शिरे तसतशी हरकत मिटत जाई. मार्गशीर्ष सरता सरता सारी गल्ली कबूल झाली. पौषात सावली गल्लीच्या टोकास, राहीअक्काच्या अंगणात पोहोचली. जेथे तांबडे कापड उन्हात रंग धरी, तेथे ती येऊन बसली, आणि ओले कापड मातकट पडू लागले. राजेसाहेब जातीने गल्लीत आले, अंगणाबाहेर बैठक घातली, आणि अक्कास विचारिले की तुमचे म्हणणे काय.

अक्काने पदर सावरला आणि सांगितले की आपला लेक परमुलखीच्या बंदरात आहे, येथे काम निघाले तर परत येईल, म्हणून मनोरा हवा. आणि हे अंगण गेले तर तो येऊन करील काय, म्हणून मनोरा नको. मग ती भावाकडे वळली.

"घरचा कर्ता मी नव्हे, तू. चूल वेगळी केली नाहीस. आता तूच बोल, अंतू."

अंतोजी हळूच म्हणाले, "अक्का, माझ्यावर का टाकतेस?"

"लहानपणी उन्हामागं कापडं कोण ओढायचं? पौषात सावली कुठवर येते हे तुला वैशाखात ठाऊक नव्हतं, असं तेवढं यांच्यासमोर म्हण. मी गप्प बसते."

अंतोजी तसे म्हणाले नाहीत. दिवाणांनी मागून कानी लागून सांगितले की स्थपती, काही बोलूच नका, संक्रांत टळली की सावली आपसूक सरेल. ते खरे होते. अंतोजींनी केवळ मौन धरावे, की आयुष्याची मसलत सिद्धीस जाणार होती.

त्या दिवसापासून अंतोजी नित्य मध्यान्ही येऊन बहिणीच्या ओट्यावर बसत, आणि दरबारचा कारकून लेखणी घेऊन समोर बसे. अक्का ताट वाढी, ते दोन घास घेत, आणि नजर अंगणातल्या ओल्या कापडावर ठेवीत. संक्रांत झाली, सावली मागे हटू लागली, आणि अंगणाच्या कडेच्या शेवटल्या फरशीवर आली. तेथून सरली की हक्क सरला, म्हणून राजेसाहेब, दिवाण आणि दरबारचे शास्त्रीही अंगणाबाहेर येऊन बसले. त्या मध्यान्ही अंतोजी ताटावरून उठले, हात धुतला, पागोटे नीट केले आणि कारकुनास म्हणाले, "लिहून घ्या."

इतक्यात आभाळ आले. फरशीवर ऊनही राहिले नाही, सावलीही राहिली नाही. दिवाण म्हणाले की सावली नाही तर हक्क नाही. शास्त्री म्हणाले की सावली सरली नाही, झाकली आहे. राजेसाहेबांनी कारकुनास लेखणी थांबवावयास सांगितले, आणि अंतोजी काय बोलणार होते ते अंतोजींनीच जाणावे.

एवंच, घाट आहे तेथे आहे, मनोरा अद्याप कापडाचाच आहे, आणि निवाडा आभाळावर राहिला आहे. हे लिहीपर्यंत ढग हटले नाहीत. अंतोजी ओट्यावर उभे आहेत, आणि राहीअक्काने कापड ओलेच घडी करून आत नेले आहे.