फौजदाराची उडी

आमच्या गावात घरच्या सशाने तीन धाटांवरून उडी मारल्याशिवाय घरातलं लेकरू चालायला लागत नाही. बारशाला मामा ससा घेऊन येतो. लेकरू रांगायला लागलं की आई सशाला शिकवायला घेते. इकडे एक वीट, तिकडे एक वीट, त्यावर ज्वारीचं आडवं धाट आणि पलीकडे मेथीची जुडी. बाकी त्यात अवघड असं काही नसतं.

आमचा ससा मात्र उडी मारत नव्हता. त्याचं नाव फौजदार. माझी कार्तिकी सव्वा वर्षाची झाली, तिला दात आले, ती कावळ्याला हाका मारायला लागली, तरी रांगतच होती. फौजदार धाटापाशी यायचा, वास घ्यायचा आणि बसायचा. कधी कधी धाटच खायचा.

"तुझ्या भावाने नीट बघून आणायचा होता," सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. "तुमच्याकडच्या लग्नातल्या पुऱ्याही अशाच बसक्या होत्या."

"पुऱ्यांचा इथे काय संबंध, आत्याबाई?"

"संबंध कसा नाही? तुमच्याकडचं काही वर म्हणून येत नाही."

मला घास गोड लागेना. कारण नुसती उडी मारून भागत नाही, ससा जसा शिकतो तसंच लेकरू चालतं. शेजारच्या कांचनने हौसेने विटांवर विटा चढवल्या होत्या. आता तिचा मुलगा प्रत्येक उंबरठा दोन्ही पाय जोडून ओलांडतो आणि पाहुण्यांच्या ताटात उतरतो. मागच्या गल्लीतल्या एका घरचा ससा धाटाला वळसा घालून मेथीपाशी जायचा, तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं होतं. आज त्यांचा मुलगा शाळेला निघतो तो आधी मागच्या दाराने, मग विहिरीवरून, मग शाळेकडे. हुशार आहे, पण प्रार्थना चुकते.

म्हणून मी फौजदाराला फार जपून शिकवत होते. खाली गोधडी अंथरायची, पडलाच तर लागायला नको. तो धाटापाशी येऊन बसला की पोटाखाली हात घालून अलगद पलीकडे ठेवायची. त्याला ते आवडायचं. पलीकडे गेला की पुढच्या धाटापाशी बसून तो माझी वाट बघायचा.

अंगणवाडीच्या पुष्पाताई तपासायला आल्या. त्यांनी फौजदाराचे मागचे पाय ओढून बघितले, कानात बघितलं.

"पाय दणकट आहेत. याला कोण उचलतं?"

"कोणी नाही, ताई," मी म्हणाले.

तेवढ्यात कार्तिकीने पुष्पाताईंकडे बघून दोन्ही हात वर केले. फौजदारानेही पुढचे पाय वर केले.

"बरं," पुष्पाताई म्हणाल्या. "मंगळवारी मैदानावर आणा. उचलून ठेवलेलं आम्ही धरत नाही, सांगून ठेवते. यावेळी नाही झालं तर पोरगी कडेवरची म्हणून धरावी लागेल."

कडेवरचं धरलं की ते कायमचं असतं. खालच्या आळीतले तुकाआप्पा अजून कडेवर आहेत. आई होती तोवर आईच्या, मग बायकोच्या, आता पुतण्यांच्या. तब्येतीने चांगले आहेत, पण पुतण्यांची कंबर गेली.

मंगळवारी मी फौजदाराला घेऊन मैदानावर गेले. कार्तिकी आत्याबाईंजवळ घरीच होती, कारण लेकराने सशाची उडी बघायची नसते, उगाच नक्कल करतं. फोन मी स्पीकरवर ठेवला होता. काखेत गोधडी होती. ती पुष्पाताईंनी काढून घेतली, घडी घातली आणि तिच्यावर बसल्या.

"आईने रेघेच्या मागे," त्या म्हणाल्या आणि शिट्टी वाजवली.

फौजदार पहिल्या धाटापाशी गेला आणि बसला. माझ्याकडे बघायला लागला. माझे हात आपोआप पुढे गेले.

"वहिनी, हात!" पुष्पाताई ओरडल्या.

मी हात मागे घेतले. मागे कांचन उभी होती, तिने ते घट्ट धरले. "धरलेत मी. तू नुसता श्वास घे."

"काय करतेय हो ती?" मी फोनवर विचारलं.

"बसलीय. दोन्ही हात वर करून," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "उचलू का गं?"

"नका उचलू."

"रडेल ती."

"रडू द्या."

"तू म्हणतेस हे? तू?"

"मीच म्हणतेय, आत्याबाई. लवकर फोन तिच्यापासून लांब धरा, नाहीतर माझं रडणं तिला ऐकू जाईल."

तुकाआप्पाही बघायला आले होते. ते पुतण्याच्या कडेवरून म्हणाले, "मार की लेका उडी! इथून नुसतं लांबचं दिसतं, जवळचं काही दिसत नाही."

फौजदाराने धाटाचं टोक थोडं खाल्लं. परत मागे बघितलं. कोणी येत नाही म्हटल्यावर त्याने पाठ आखडली आणि टुणकन पलीकडे गेला.

"अगं, उभी राहिली!" फोन ओरडला. "काही न धरता उभी राहिली!"

दुसऱ्या धाटावर घोटाळा झाला. पुढचे पाय पलीकडे, मागचे अलीकडे, आणि फौजदार मध्येच पोटावर लटकला.

"एक पाय उचललाय आणि तशीच थांबलीय," आत्याबाई म्हणाल्या. "बगळ्यासारखी. काय करू?"

"काही करू नका. दृष्ट काढा हवं तर, पण लांबून."

कांचनने माझे हात इतके दाबले की बांगडी पिचली. फौजदाराने मागचे पाय झाडले आणि पलीकडे पडला. मातीत पडला. उठला, मिशा पुसल्या.

"टेकवला पाय! दुसरा उचलला!"

तिसऱ्या धाटापाशी तो थांबलाच नाही. फोनवर आता फक्त कार्तिकीच्या वाळ्यांचा आवाज येत होता.

"आत्याबाई?"

"बोलू नकोस. चालतेय."

पुष्पाताईंनी शिट्टी वाजवली, पण फौजदाराला आता चव लागली होती. त्याने मेथीकडे बघितलंही नाही. मैदानाच्या कडेची पाण्याची चारी ओलांडली आणि रस्त्याला लागला.

"अगं, ही दाराबाहेर निघाली! आवर त्याला!"

मी धावले. फौजदार आमच्या गल्लीकडे, आणि पिठाच्या गिरणीजवळ समोरून कार्तिकी येत होती, पोट पुढे काढून, झुलत झुलत. मागे पदर खोचून आत्याबाई.

दोघंही थांबली. कार्तिकीने फौजदाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात वर केले नाहीत. मग तो तिच्या बाजूने घराकडे गेला, आणि ती त्याच्या बाजूने मैदानाकडे.

कोणाच्या मागे जावं मला कळेना.

"सशाला मी बघते," आत्याबाई म्हणाल्या. "तू तिच्या मागे जा. पण धावू नकोस बाई, तिला वाटेल उचलायला आलीस."

मी हात पाठीमागे बांधले आणि हळूहळू चालायला लागले.