एम पर्यंतचं इंग्रजी

"मोखाडा तालुक्याला एम पर्यंतचं इंग्रजी पुष्कळ झालं!" असं हरेश गुरुजी खोडाळ्याच्या भर बाजारात म्हणाले, आणि तिथेच त्यांच्या नशिबाने दाणे भाजायला घेतले.

त्या वर्षी सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं होतं. पोरं निवांत होती, घाबरले होते ते गुरुजीलोक! अशा वेळी हरेशला कांतीलालशेठच्या दुकानात रद्दीवर एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश दिसला. प्रत्येक शब्द कुठून आला, कसा आला, सगळी कुळकथा. पण शेठने तो मधोमध, एम संपतो तिथे, फाडून ठेवलेला.

"शेठ, मागचा अर्धा?"

"तो पुड्यांना लागंल. आज बाजार हाय ना! पुढचा न्या."

तेव्हा हरेश ते वाक्य बोलला. बाजूला केंद्रशाळेचा शिपाई सुकऱ्या बिडी शोधत उभा होता. त्याच्याकडे हरेशचं लक्ष नव्हतं. शिपायाकडे लक्ष देण्याचे दिवस संपले, असं त्याला वाटत होतं.

दोन महिन्यांत त्याने ए ते एम असं काही घोटलं की विचारू नका! शिक्षकांच्या खोलीत कोणी नुसतं शिंकलं तरी तो सुरू व्हायचा. "कॅनन म्हणजे नियम आणि कॅनन म्हणजे तोफ. सारखेच वाटतात ना? वाटणारच! दोघांचं मूळ एकच, बोरू! सरळ बोरू तो नियम, पोकळ बोरू ती तोफ." ऐकणारे गार! आणि "सर, अख्खा कोश वाचलात?" असं कोणी विचारलं की तो नुसता हसायचा. खोटं बोलायचं नाही, हसायचं. तेवढं तत्त्व त्याने पाळलं होतं.

ही कीर्ती केंद्रप्रमुख भोये साहेबांपर्यंत गेली. इंग्रजीच्या प्रशिक्षणासाठी तालुक्यातून एकच मार्गदर्शक निवडायचा होता. साहेबांनी खोडाळ्याला साठ शिक्षक जमवले आणि जाहीर केलं, "हरेश सरांना कुठलेही सारखे वाटणारे शब्द विचारा. मला पटलं की आजच त्यांचं नाव पंचायत समितीत जाईल."

हरेशने तर निवड झाल्याचं आईला आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. आईने गावभर.

पहिला प्रश्न आला डेझर्ट आणि डिझर्टचा. डी! हरेश खुलला. "सोडून दिलेली जागा ते वाळवंट. आणि जेवणानंतर ताटं उचलली की येतं ते गोड!" टाळ्या!

मग प्रतिभा मॅडम उठल्या. मूळच्या जामसरच्या, वर्गात पोरांना आणि बाहेर मोठ्यांना न सोडणाऱ्या. "स्टेशनरी म्हणजे थांबलेलं, आणि स्टेशनरी म्हणजे वह्या-कागद. यांचं नातं काय?"

एस. म्हणजे शेठकडे राहिलेला अर्धा! पण हरेशचं तोंड आधीच उघडलं होतं.

"सोपं आहे! विलायतेत गाडी लेट झाली की लोक स्टेशनावर बसून घरी पत्रं लिहीत. कागद तिथेच मिळे. म्हणून ती स्टेशनरी."

"आणि थांबलेलं?"

"ती लेट गाडी!"

साठ वह्यांत साठ पेनं चालली.

"पण सर, आगगाडीच्या आधी कागद नव्हता का?"

"होता. त्याला नाव नव्हतं."

भोये साहेबांनी मान डोलावली. त्या मानेने हरेशचा घात केला. कोणीतरी मुख्याध्यापकाचा प्रिन्सिपल आणि तत्त्वाचा प्रिन्सिपल विचारला, तर हा म्हणाला, "पूर्वी मुख्याध्यापक तत्त्वाने वागत, म्हणून एकच शब्द होता."

"आणि आता?"

"आता स्पेलिंग वेगळं केलंय."

हशा पिकला. साहेबांनी खिशातून पेन काढलं, कागदावर 'हरेश' लिहिलं, आणि चहा सांगितला.

चहाबरोबर सुकऱ्या खाऱ्या दाण्यांच्या पुड्या घेऊन आला. प्रत्येकाला एक. प्रतिभा मॅडमनी पुडी सोडली, दाणे ओंजळीत घेतले आणि कागद उलगडून थबकल्या.

"सर, इथे तर लिहिलंय की जुन्या काळी विक्रेते गावोगाव फिरत. जो एका जागी दुकान मांडून बसे तो स्टेशनर. तो पुस्तकं-कागद विकी. म्हणजे दोन्ही शब्द एकाच मुळाचे! गाडीचं तर नावच नाही."

मागून कमलेश सर ओरडले, "माझ्या पुडीत पी आलाय! दोन्ही प्रिन्सिपल 'पहिला' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून! मुख्याध्यापक तत्त्वाने वागत असं कुठंच नाही!"

मग काय! साठ गुरुजी दाणे टाकून कागद वाचायला लागले. उभ्या जन्मात कुठल्या प्रशिक्षणाला इतकं मन लावून कोणी वाचलं नसेल. भोये साहेबांच्या पुडीत झेब्रा निघाला. ते दाणे चघळत हरेशकडे बघत राहिले.

"सुकऱ्या, हा कोश कुणाचा रे?"

"आपल्या कांतीलालशेठचा, साहेब. पुढला अर्धा सरांनी नेला, मागला ऱ्हायला." मग त्याने हरेशची बाजू सावरायला प्रेमाने जोडलं, "सर तवाच बोलले व्हते, मोखाड्याला एवढाच पुष्कळ!"

मोखाड्याच्या साठ जणांनी कागदांतून डोकं वर काढलं.

हरेशचे कान तव्यावरच्या नागलीच्या भाकरीसारखे तापले. त्याला हसायचं होतं, नेहमीसारखं. ओठ हललेच नाहीत. आईचा चेहरा समोर आला, तिच्यामागे सगळं गाव. साहेबांनी 'हरेश'वर रेघ मारली, खाली 'प्रतिभा' लिहिलं, आणि एवढंच म्हणाले, "सर, पुड्या गोळा करा. मॅडमना लागतील."

त्याने केल्या. बाकाबाकापुढे ओंजळ धरून, तेलकट, मिठाच्या, साठच्या साठ. प्रतिभा मॅडमनी आपली पुडी देताना दोन दाणे त्याच्या हातावर ठेवले. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर सुकऱ्या पळत आला.

"सर, शेठनी निरोप दिलाय. मागला अर्धा संपला. पुढच्या बाजाराला पुड्या कमी पडत्यात. तुमचा अर्धा तुम्हाला आता लागणार नाय ना?"

हरेशने पिशवीतून कोश काढला. देता देता थांबला. मग शेवटची पंधरा-वीस पानं अलगद सोडवून घेतली.

"सुकऱ्याभाऊ, शेठला सांगा, एल पर्यंतचं घ्या. एम माझा अजून कच्चा आहे."