मिसेस थ्वेट तीन आठवडे दिसल्या नाहीत

फिरत्या वाचनालयाची गाडी नेदर सॅलो गावात एक बुधवार सोडून एक बुधवार यायची, आणि हेस्टर क्विल तिच्यातून एका वेळी सहा खून घरी न्यायची. शाळेच्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली होती. तिथे एकही प्रयोग पुस्तकात लिहिल्यासारखा होत नसे. या कादंबऱ्यांत मात्र लहानसं गाव, चर्च, गुलाबांचे ताटवे, एक प्रेत आणि शेवटच्या प्रकरणात पक्कं उत्तर. मेलेला माणूसही बहुधा असा, की त्याच्यावाचून कुणाचं काही अडू नये.

ऑगस्टमध्ये तिच्या एक गोष्ट लक्षात आली. काही पुस्तकांच्या तिसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक फुली केलेली होती. हेस्टरने मोजणी केली. फुलीची पुस्तकं अकरा, आणि अकराही खून विषाने. सुरे, बंदुका, कुऱ्हाडी असलेल्या चौदा पुस्तकांत एकही फुली नाही. हा योगायोग असण्याची शक्यता तिने कागदावर मांडून काढली. ती फारच कमी आली.

"या फुल्या कोण करतं हो?" तिने गाडीच्या चालकाला विचारलं.

"थ्वेटसाहेब. तीनदा सांगून झालं. ऐकतायत कुठले!"

अँब्रोज थ्वेट हे तिचे शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर. आणि त्यांची बायको डीलिया तीन आठवड्यांत कुणाला दिसली नव्हती.

दुसऱ्या एखाद्या गावात कुणी सरळ विचारलं असतं. पण नेदर सॅलोमध्ये 'तुमची बायको कुठंय?' असं विचारणं म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीतून डोकावण्यासारखं. हेस्टर कुंपणापाशी गेली.

"हवा छान आहे."

"छानच आहे."

"मिसेस थ्वेट बऱ्या आहेत ना?"

"अगदी आरामात. आता तिला कसलाच त्रास नाही."

हेस्टरने हे वाक्य तारीख घालून वहीत उतरवलं. खाली थ्वेटसाहेबांच्या दुकानातल्या खरेदीची निरीक्षणं होती: मटण बंद. केळी, सूप, कस्टर्ड, तेही थोडं थोडं. निष्कर्ष: माणूस एकटा जेवतो.

शनिवारी गावच्या हॉलमध्ये फळं-भाज्यांचं वार्षिक प्रदर्शन होतं. दरवर्षी डीलियाचा प्लमचा जॅम असे. यंदा बरणीवरच्या चिठ्ठीवर नाव होतं अँब्रोज थ्वेट यांचं. परीक्षक मिसेस पॉमफ्रे यांनी बरणीत चमचा बुडवला आणि तोंडाजवळ नेला.

"थांबा! खाऊ नका तो!" हेस्टर कांद्यांच्या टेबलाला धडकत पुढे धावली.

"का? झाकणावर दुकानाचं नाव आहे की काय?" मिसेस पॉमफ्रे दचकल्या. विकतचा जॅम मांडणं, स्पर्धेच्या नियमांत याहून मोठा गुन्हा नव्हता.

"त्यांनी बायकोला विष घातलंय!"

अँब्रोज कानापर्यंत लाल झाले.

"डीलिया घरी आहे. ठणठणीत आहे."

"मग आणा त्यांना इथे!"

"ती... येणार नाही."

"ऐकलंत?" हेस्टर सगळ्यांकडे वळून म्हणाली.

अँब्रोज गेले. वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. मग डीलिया थ्वेट दारातून आत आल्या. नाकापर्यंत स्कार्फ गुंडाळलेला. त्यांनी तो सोडला, परीक्षकांच्या हातून चमचा घेतला आणि सगळ्या गावासमोर जॅम खाल्ला. तोंडात एकही दात नव्हता.

"सगळे काढले," त्या फुसफुसत म्हणाल्या. "कवळी शुक्रवारी मिळणार आहे. तोवर कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं मला."

"आणि... त्या फुल्या?" हेस्टरने विचारलं.

"हिला रक्ताचं वर्णन सोसत नाही," अँब्रोज म्हणाले. "मी आधी वाचतो. रक्त नसलं की फुली करतो."

मिसेस पॉमफ्रे यांनी बरणीत उरलेल्या जॅममध्ये दुसरा चमचा घातला, चव घेतली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'जरा पातळ आहे.'

हेस्टरला कुणी एका शब्दाने बोललं नाही. तेच भयंकर होतं. लोक तिच्याशी पूर्वीपेक्षा दुप्पट सभ्यपणे वागू लागले. ती चार मैलांवरच्या गावात जाऊन पाव आणू लागली. घर विकलं तर किती दिवसांत विकलं जाईल, याचाही तिने अंदाज घेतला. माफीचं पत्र पाच वेळा फाडून, चौथ्या दिवशी सहावं पत्र घेऊन तिने शेजारचं दार वाजवलं.

डीलियाने तोंडावर हात धरून दार उघडलं आणि तिला स्वयंपाकघरात नेलं.

"मिसेस थ्वेट, मी..."

"डीलिया म्हण गं. चाळीस वर्षं झाली मला या गावात. तीन आठवडे दिसले नाही, तर विचारलं कुणी? तू एकटीने. भरून आलं मला."

सुटका समोर आयती आली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण चुकीची नोंद तशीच राहू देणं हेस्टरला कधी जमलंच नव्हतं.

"काळजीने नव्हतं ते," ती म्हणाली. "मला मजा येत होती. आणि तुम्ही हॉलच्या दारात दिसलात ना, तेव्हा क्षणभर... माझा हिरमोड झाला."

मोरीपाशी उभ्या असलेल्या अँब्रोजनी नळ बंद केला.

"होणारच," डीलिया म्हणाली. "एवढी मेहनत घेतलीस तू." आणि तोंडावरचा हात काढून ती खदाखदा हसली.

हेस्टरला हसता येईना. कान तापले होते. काहीतरी करायला हवं म्हणून ती उठली, फडकं घेतलं आणि मान खाली घालून ओट्यावरच्या बश्या एकेक करून पुसत सुटली.

"त्या पुसलेल्याच आहेत," अँब्रोज अदबीने म्हणाले. "पण चालू द्या."