मूळ भोक जतन करण्याबाबत

कोणतीही वस्तू ऐतिहासिक ठरण्यासाठी ती आधी बंद पडावी लागते. चालू वस्तूला इतिहास नसतो, नुसता वापर असतो. परळच्या आमच्या चर्चमधला ऑर्गन ब्याऐंशी वर्षे असाच निव्वळ वापरात होता. पंचावन्न साली उंदरांनी त्याचा भाता कुरतडला आणि तो आठवड्याभरात ऐतिहासिक झाला. (उंदरांचे आभार मानायचे राहूनच गेले आहे.)

लगेच ऑर्गन जीर्णोद्धार समिती स्थापन झाली. अध्यक्ष शामराव, सभासद अकरा. तीन वर्षांत तिच्या एकेचाळीस सभा झाल्या. त्यांतल्या नऊ, इतिवृत्त मराठीत लिहावे की इंग्रजीत, यावर. शामराव संयुक्त महाराष्ट्राचे कडवे अभिमानी; त्यांच्या सायकललासुद्धा 'मुंबईसह' अशी पाटी आहे. तरी इतिवृत्त इंग्रजीतच ठरले, कारण ऑर्गन विलायतेचा, त्याला मराठी कळत नाही. (ब्याऐंशी वर्षे त्याने मराठी गीतेच वाजवली. पण ती, शामराव म्हणाले, त्याने पाठ केली असतील.)

मग लंडनच्या तज्ज्ञाला पत्र गेले. त्याने उलट विचारले, नेमके काय बिघडले आहे? ते पाहायला उपसमिती नेमली. ऑर्गनच्या मागे जायचा दरवाजा सापडत नाही, असा तिने एकमुखी अहवाल दिला.

तो दरवाजा लवूमामांना ठाऊक होता. लवूमामा डिलाईल रोडच्या चाळीत राहतात, आठवडाभर गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवतात आणि वीस वर्षे दर रविवारी ऑर्गनच्या मागे उभे राहून, दांडा वरखाली करून भात्यात हवा भरत होते. पण ते पडले हिंदू, चर्चचे सभासद नाहीत. त्यामुळे त्यांना विचारायची सोय नियमांत नव्हती. मी विचारले.

"भातो फाटलो हा, आणखी काय नाय," ते म्हणाले. "कातडा लावलां की वाजतलो."

मला घाई होती. चौतीस वर्षे तो ऑर्गन वाजवणाऱ्या आणि मला शिकवायला घेतलेल्या राधाबाई ईस्टरनंतरच्या सोमवारी कायमच्या नागपूरला, मुलाकडे चालल्या होत्या. जाण्याआधी एक गीत वाजवायला मिळावे, एवढाच त्यांचा अर्ज. समितीने तो विचारार्थ ठेवला. (विचार अजून चालू आहे.)

लवूमामांनी गिरगावातून सीताराम पेटीवाल्यांना आणले. वीतभर कातडे, सरस आणि तीन दुपारी. शनिवारी राधाबाईंनी सगळ्या नळ्या तपासल्या. चारशे बारापैकी चारशे नऊ बोलल्या. गीत काही त्यांनी वाजवले नाही. "ते उद्या," म्हणाल्या आणि झाकण लावून टाकले.

ईस्टरच्या उपासनेला भाता भरून तयार, राधाबाईंची बोटे पट्ट्यांवर, आणि शामराव उभे राहिले. त्यांचे म्हणणे खोडून काढणे खरोखर अवघड आहे. वाजणाऱ्या ऑर्गनचा जीर्णोद्धार करता येत नाही. तज्ज्ञ जूनमध्ये बोटीने येणार, त्याला दाखवायचे काय? शिवाय ते भोक आता तीन वर्षांचे, समितीचे सगळे काम त्याच्यावर उभे. आणि त्यावर बिनठरावाचे गिरगावचे कातडे. सबब, ठिगळ तत्काळ काढून भाता पूर्ववत फाटका करावा.

"काढायच्या आधी एक गीत होऊ दे, शामराव," राधाबाई म्हणाल्या.

"अहो बाई, वाजवलंत की तो वाजतो हे सिद्ध होतं. मग समितीनं करायचं काय?"

पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले. ठराव मतास टाकला. शामरावांनी स्वतः हात मोजले: एकशे सदतीस. राधाबाईंचे दोन्ही हात पट्ट्यांवर होते आणि लवूमामांचे दांड्यावर. हे चार हात कामात असल्याने धरले नाहीत. ठराव एकमताने मंजूर. भात्यातली हवा मग आपोआप सुटत राहिली, बराच वेळ. तिची इतिवृत्तात नोंद नाही. राधाबाई ठरल्याप्रमाणे सोमवारी गेल्या.

त्या एकशे सदतिसांत एक हात माझा आहे. माझ्या बाकावरच्या सगळ्यांनी वर केला होता. तुम्ही त्या दिवशी चर्चमध्ये असाल, तर तुमचाही असणारच. नसाल, तरी हुरहूर नको. नियम सातप्रमाणे गैरहजरांची संमती गृहीत धरली आहे.