दुपटीचं मशीन

हिरवं बेसिन एकच होतं आणि ते तिघांना विकलं गेलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

नळ, बेसिनं, कमोड आणि टाइल्सचा हा धंदा दोघा भावांचा. हमरस्त्यावरचं दुकान थोरले बघायचे, दोन गल्ल्या मागे असलेलं गोडाऊन धाकटा. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या मते हिरवी बेसिनं तीन होती. गोडाऊनमधल्या कॉम्प्युटरच्या मते एक. दुकानाने त्याच्या हिशोबाने दोन विकली, गोडाऊनने त्याचं एक ठेकेदाराच्या टेम्पोत चढवलं, आणि दोघंही दुपारपर्यंत खुशीत होते. मग एक बाई दुकानात आल्या. त्यांनी त्या बेसिनच्या रंगाला शोभतील अशा टाइल्स आधीच भिंतीवर चढवल्या होत्या. बेसिन नाही म्हटल्यावर त्या नमुन्यासाठी मांडलेल्या एका कमोडवर बसल्या त्या उठायलाच तयार होईनात.

त्या संध्याकाळी भाऊ भांडले.

"तू कळवत नाहीस," थोरले म्हणाले.

"कळवून काय करू? मी चार म्हटलं की तू दोन लिहितोस. उभ्या जन्मात कुठली गोष्ट पुरती मान्य केलीस, दादा? सगळं अर्धं. अर्धी माणसं, अर्धे पंखे, अर्धा चहा."

"चहा पूर्ण असतो."

"कप लहान आहेत."

यावर थोरल्यांनी आवाज चढवला. शेवटी धाकटा म्हणाला, "मग गोडाऊन माझं, दुकान तुझं. हिशोब वेगळे करू." आणि चप्पल उलटी घालून निघून गेला.

वहिनी, म्हणजे थोरल्यांची बायको, दुकानाची बिलं बघायच्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा धाकटा शाळेत जात होता. त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं त्यांनी लावली होती, त्याच्या प्रगतिपुस्तकावर सासऱ्यांना न कळता सही केली होती. हा माणूस उद्या समोरच्या बाजूला बसून आपल्याला बिल पाठवणार, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. त्या दुसऱ्याच दिवशी गोडाऊनात गेल्या.

"भाऊजी, मला महिनाभर द्या. दोन्ही कॉम्प्युटरांना एकमेकांचं कळेल असं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे. इथे माल हलला की तिथला आकडा आपोआप बदलतो. कुणी कुणाला कळवायला नको, कुणी कुणाला विचारायला नको."

"म्हणजे दादाशी बोलायला नको?"

"अजिबात नको."

"एवढ्यासाठी थांबतो," धाकटा म्हणाला. "महिनाभर."

सॉफ्टवेअरवाला आला. किडकिडीत, पाठीवर पिशवी, आणि कशालाही "होऊन जाईल" म्हणणारा. दुकानात त्याचं नावच 'होऊन-जाईल' पडलं. त्याने आधी सुचवलं की आकडे बाहेरच्या एखाद्या कंपनीच्या मशीनवर ठेवू, तुम्हाला काही बघायला नको. थोरल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने दागिने शेजाऱ्यांकडे ठेवायला सांगितले होते.

"माल आपल्या गोडाऊनात, आणि आकडे परक्याच्या घरात? मशीन इथे, आपल्या छपराखाली."

"होऊन जाईल. मग तुमचा स्वतःचा सर्व्हर लागेल. केवढा लागेल ते ठरवायला थोडी माहिती द्या." आणि त्याने वहिनींच्या हातात प्रश्नांचा कागद ठेवला. एकाच वेळी किती माणसं काम करणार? माल किती प्रकारचा? आकडे दर किती वेळाने जुळवायचे? जुना हिशोब किती वर्षांचा जपायचा? एक मशीन बंद पडलं तर बदली दुसरं हवं का?

आता इथे या घराची एक रीत सांगायला हवी. थोरल्यांकडे कुठलीही मागणी गेली की ते तिच्यावर आडवी रेघ मारायचे आणि शेजारी निम्मा आकडा लिहायचे. हे सगळ्यांना पाठ होतं. म्हणून चार पडदे हवे असले की वहिनी आठ म्हणायच्या. काउंटरवाल्या काकांना दोन दिवस सुट्टी हवी असली की ते चार दिवसांच्या लग्नाला जायचे. थोरले निम्मं करायचे, सगळ्यांना हवं तेवढं मिळायचं, आणि आपण काटकसर केली म्हणून थोरल्यांना शांत झोप लागायची. इतकी सुरळीत चाललेली व्यवस्था गावभर शोधून मिळाली नसती.

वहिनी कागद घेऊन फिरल्या. गोडाऊनात खरं तर दोघंच कॉम्प्युटरला हात लावायचे.

"चार लिहा," धाकटा म्हणाला. "आणि बदलीच्या मशीनला हो म्हणा. दोन मागितली म्हणजे एक मिळेल."

दुकानात तिघं होते. काउंटरवाले काका म्हणाले, "सहा घाला. आणि जुना हिशोब वीस वर्षांचा म्हणा."

"काका, आपल्याकडे दहाच वर्षांचा आहे."

"म्हणून तर."

वहिनी घरी येऊन कागदासमोर बसल्या. झाले दहा. लोकांनी आपापली दुप्पट केली आहे हे त्यांना कळत होतं. पण पडदा कमी पडला तर पिन लावून भागतं, मशीन कमी पडलं तर? महिन्यातल्या महिन्यात ते बंद पडणार, भाऊजी म्हणणार, बघा, आणि हिशोब वेगळे होणार. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि दहाचे वीस केले. मालाचे प्रकारही वाढवले. त्यात नळाच्या चकत्या वेगवेगळ्या धरल्या.

होऊन-जाईलने कागद वाचून भुवया उंचावल्या. "एका वेळी वीस जण?"

वहिनींनी दुकानाकडे नजर टाकली. काका एकटेच टाइलवर बोटाने ताल धरून बसले होते. "वाढता धंदा आहे," त्या म्हणाल्या.

"मग तीन वर्षांची वाढ धरावी लागेल. चाळीस धरतो," तो म्हणाला. त्याच्याही गिऱ्हाइकांना शेवटी कात्री लावायची सवय होती. तेव्हा त्याने यादी मशीनवाल्याकडे पाठवताना मेमरी आणि डिस्क जराशी सैल हाताने लिहिली.

सकाळच्या चहाबरोबर वहिनींनी तो कागद थोरल्यांसमोर ठेवला. थोरल्यांनी पेन उघडलं. ते कागदावर टेकलं. आणि तिथेच थांबलं.

"धाकटा म्हणाला ना, मी सगळं अर्धं करतो म्हणून."

"रागात म्हणाला हो ते."

"कप लहान आहेत म्हणाला." थोरल्यांनी हातातल्या कपाकडे बराच वेळ पाहिलं. "हे जे मागितलंय, ते त्याला लागणार आहे?"

वहिनींच्या तोंडून खरं निघणारच होतं. पण या कागदाचं खरं सांगायचं तर पडद्यांचं सांगायला लागणार. पडद्यांचं सांगितलं की माहेरी राहायच्या दिवसांचं. एक वीट काढली असती तर अख्खा संसार हलला असता.

"लागेल," त्या म्हणाल्या.

थोरल्यांनी एकही रेघ न मारता सही केली. "देऊन टाक. एकदा बघू दे त्याला, मी पूर्णही देतो."

वहिनींचा चहा निवत राहिला.

मशीन आलं ते टेम्पोतून, चार हमालांच्या खांद्यावर. काळं, माणसापेक्षा उंच कपाट, आणि त्यात एकावर एक अशी दोन मशीनं. सोबत त्यांच्या बॅटऱ्या, त्याही जोडीने.

"हे आपलं?" काका म्हणाले. "यात बसायचं, की हे आपल्याला चालवायचं?"

होऊन-जाईल म्हणाला, याला गार हवा लागते, चोवीस तास. दुकानात गार खोली एकच होती, थोरल्यांची केबिन. केबिनचं दार अरुंद निघालं, म्हणून दार बिजागऱ्यांतून काढलं. कपाट आत गेलं, पण मग थोरल्यांचं टेबल मावेना. टेबल त्यांच्या वडिलांचं, शिसवी, हत्तीच्या पायांचं. ते ठेवायला दुकानात जागा करायची तर बेसिनं रस्त्यावर मांडावी लागली असती.

"तात्पुरतं गोडाऊनात ठेवू," वहिनी म्हणाल्या.

"टेबल जाईल तिथे मी जाणार," थोरले म्हणाले.

गोडाऊनात टेबल मावेल अशी जागा एकच होती, दिव्याखालची. तिथे धाकट्याचं लहान टेबल आधीच होतं. ते सरकवून सरकवून शेवटी दोन्ही टेबलं एकमेकांना नाक लावून उभी राहिली. भाऊ समोरासमोर बसले आणि एकाने उजवीकडच्या, दुसऱ्याने डावीकडच्या कमोडांकडे तोंड केलं.

इकडे मशीन सुरू केलं. विमान सुटायच्या आधी करतं तसा आवाज झाला, केबिनमधला एसी एकदा कण्हला आणि दुकान अंधारात गेलं. वायरमनला बोलावलं. त्याने पेटी उघडली, कपाट पाहिलं, परत पेटी पाहिली.

"हे सगळं या लाइनवर? वहिनी, ही लाइन दोन ट्यूब आणि एका पंख्याच्या आशेवर टाकलेली आहे." वीज वाढवून घ्यायला अर्ज करावा लागेल, आणि त्याला वीजवाले घेतील तेवढे दिवस लागतील, असं त्याने सांगितलं. तोवर दुकानातले दिवे चालू ठेवा किंवा मशीन.

गिऱ्हाइकाला अंधारात नळ दाखवता येत नाहीत. मशीन बंद राहिलं. काका जेवणानंतर केबिनमध्ये जायचे, त्या कपाटाला पाठ लावून पाच मिनिटं डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "फार गुणी आहे. एका शब्दाने बोलत नाही."

महिना भरत आला. वहिनींना जेवण जाईना. मशीन नाही, म्हणजे आकडे जुळत नाहीत, म्हणजे भाऊजी आता कुठल्याही दिवशी येऊन समोर बसणार. वीजवाल्यांकडे खेपा घालून त्यांची तिथल्या पंख्याशी ओळख झाली, अर्ज काही हलला नाही. शेवटी मुदत वाढवून मागायची म्हणून त्या गोडाऊनकडे निघाल्या. एक महिना हवा होता. वाटेत त्यांनी मनाशी दोन ठरवले.

दारातच त्यांना आवाज ऐकू आला. थोरले फोनवर काकांशी बोलत होते.

"थांबा, विचारतो. अरे, पांढरे कमोड किती?"

"सात," धाकटा मान वर न करता म्हणाला. "त्यातल्या एकाचा टवका उडालाय."

"म्हणजे सहा."

"साडेसहा म्हण. टवका भिंतीकडे करून लावला तर कुणाच्या बापाला कळत नाही."

"काका, साडेसहा. हो, साडेसहाच. तुमच्या भाच्याला हवंय ना, त्याला ते अर्धं द्या."

धाकटा हसला. थोरले हसले नाहीत, पण फोन ठेवल्यावर त्यांनी थर्मासमधला चहा दोन ग्लासांत ओतला. ग्लास मोठे होते. काठोकाठ भरले.

वहिनी टाइल्सच्या ढिगाला धरून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांना राहवेना. त्यांनी पुढे होऊन सांगून टाकलं. पाचाचे दहा कसे झाले, दहाचे वीस त्यांनी स्वतः कसे केले, आणि भीती कशाची होती तेही.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही निम्मं करता म्हणून मी दरवेळी दुप्पट सांगते."

"मला माहीत आहे," थोरले म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही सगळे दुप्पट सांगता. म्हणून तर मी निम्मं करतो."

"मग या वेळी का नाही केलंत?"

थोरले चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाले, "मशीनच्या बाबतीत तरी खरं सांगितलं असेल, असं वाटलं."

धाकट्याला ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना. थोरल्यांनी उठून त्याची पाठ चोळली.

तेवढ्यात होऊन-जाईल आला. खरे आकडे ऐकून त्याने कपाळाला हात लावला, पण लगेच सावरला. पाच माणसं आणि दहा वर्षांचा हिशोब म्हणजे लहानसं मशीन पुरेल. मशीनवाला ते मोठं परत घ्यायला तयार होईल, त्याला दुसरं एक गिऱ्हाईक आहे. "लहान मशीन टेबलाखाली मावतं. गार खोली नको, जास्तीची वीज नको. केबिन तुमची तुम्हाला परत. टेबल उद्याच हलवू. होऊन जाईल."

धाकटा एका नळाची तोटी उघडत आणि बंद करत बसला. वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"मशीन बदला," थोरले म्हणाले. "पण ठेवा केबिनमध्येच. सगळ्यांना आता त्या जागेची सवय झालीय."

"मशीन तर कधी चालूच झालं नाही," होऊन-जाईल म्हणाला.

"म्हणून काय झालं. काका तिथे टेकतात." थोरल्यांनी रुमालाने मान पुसली आणि ते समोरच्या टेबलाकडे वळले. गोडाऊनचा कारभार धाकट्याचा, इथलं काही हवं तर त्यालाच विचारायला हवं. त्यांनी घसा साफ केला. "इथे उकडतं फार. इकडे माझ्या बाजूला दोन पंखे लागतील."

धाकट्याने कागद ओढला, त्यावर दोन लिहिले, जराशा विचाराने आडवी रेघ मारली आणि शेजारी एक लिहिला.

"एकच मिळेल, दादा."

"बघ बुवा," थोरले तोंड पाडून म्हणाले, आणि फोनकडे वळताना त्यांनी वहिनींकडे बघून हळूच एक डोळा मिटला.