प्रथिनाची उत्तरपूजा

शांतवन सर खवळले होते, आणि त्यांचं चुकलं असं कुणी म्हणून दाखवावं! प्रवरेकाठच्या त्या नव्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत. नोकरी अजून कच्ची. आज विद्यापीठाची समिती त्यांचा तास बघणार होती. तास रंगला तर नोकरी कायम, नाहीतर बोऱ्याबिस्तर बांधा. आणि ऐन वेळी त्यांच्या मॉडेलवर हळदकुंकू वाहिलेलं!

मॉडेल साधंच होतं. घरमालकीण आक्काबाईंचे पितळी तांबे म्हणजे पेशीच्या केंद्रकातली प्रथिनं. त्यांना गुंडाळलेला पांढरा दोरा म्हणजे आनुवंशिक मजकूर. प्रथिनाला एक छोटा रासायनिक गट चिकटला की पकड सैल होते, दोरा सुटतो, मजकूर वाचता येतो. गट निघाला की दोरा पुन्हा घट्ट. सर त्या गटाच्या जागी मेणाची गोळी लावून दोरा सोडणार होते आणि ती काढून पुन्हा गुंडाळणार होते. सगळी गंमत त्यातच होती.

पण आपले तांबे नीट आहेत ना, हे बघायला आक्काबाई प्रयोगशाळेत आल्या. दोरा गुंडाळलेले तांबे दिसताच त्यांचे हात जोडले गेले. मग विड्याची पानं आली, नारळ आले.

"आक्काबाई, हे काय केलंत?"

"आवं, कलश मांडलं अन् कुकू न्हाई! बरं दिसतं का ते?"

"हे कलश नाहीत, प्रथिनं आहेत!"

"आसतील. पन आता पुजल्यात ती."

सरांनी दोऱ्याला हात घातला, तशा आक्काबाई ओरडल्या, "हां हां! उत्तरपूजा झाल्याबिगर सोडायचा न्हाई!"

"मग करा की उत्तरपूजा!"

"मी कशी करू? गुरुजी लागत्यात. ते लगीन लावाया बेलापूरला गेल्यात."

सरांनी आशेनं दारात येऊन उभ्या राहिलेल्या प्राचार्य रंगनाथरावांकडे पाहिलं. प्राचार्यांनी चपला केव्हाच काढल्या होत्या. "शांतवन सर, गावात राहायचंय आपल्याला. फळ्यावर आकृती काढून भागवा."

इतक्यात समिती आली. नारळ बघून समितीनेही बूट दाराबाहेर काढले. आता मात्र सरांचं डोकं फिरलं.

"बघा, मुलांनो!" ते कडाडले. "मजकूर समोर आहे, पण वाचता येत नाही! का? सोडणारा बेलापूरला गेलाय म्हणून! पेशीत असा कारभार चालत नाही. तिथे गट लावणारा असतो, तसा काढणाराही असतो, आणि दोघंही जाग्यावर असतात! एकाने जरी दांडी मारली तरी हवं ते काम होत नाही आणि नको ते थांबत नाही. तुमच्या केसाएवढ्याही नसलेल्या पेशीला जे कळतं, ते आपल्या गावाला कळू नये?"

 समितीचे अध्यक्ष उठून उभे राहिले. "वा! हा विषय इतका स्पष्ट करून सांगितलेला मी आजवर ऐकला नाही. आणि हे अडकलेलं मॉडेल म्हणजे तर कमाल! नोकरी कायम समजा."

संध्याकाळी गुरुजी पळी-पंचपात्र घेऊन धापा टाकत आले. शांतवन सर प्रयोगशाळेच्या दारात आडवे झाले.

"खबरदार कुणी उत्तरपूजा केलीत तर! उद्या मला दुसऱ्या वर्गाला शिकवायचंय."

आक्काबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आवं पन सर, माझ्या घरात पानी प्यायला एक तांब्या ऱ्हायला न्हाई!"